लिडस्ट्रॉम विसरू नका

‘आइस हॉकीत बचावपटूचं काम म्हणजे अंगावर जाऊन आदळणं, म्हणून तिशी उलटली की तो संपला’ हे मत मला अजिबात पटत नाही. धडका देणाऱ्यांची शरीरं लवकर थकतात, तेवढं मान्य. पण अमेरिकेतल्या डेट्रॉइट रेड विंग्ज संघाचा स्वीडिश बचावपटू निकलास लिडस्ट्रॉम बघा. १९८९च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, तो ५३वा निवडला गेला. १९९८पासून सलग तीन वर्षं, मोसमातल्या सर्वोत्तम बचावपटूला मिळणाऱ्या नॉरिस ट्रॉफीच्या मतदानात दुसरा आला, आणि पहिली ट्रॉफी मिळाली २००१ साली, वयाच्या ३१व्या वर्षी! पुढे आणखी सहा, शेवटची ४१व्या वर्षी.

तो आदळायला फारसा जायचाच नाही. उलटं स्केटिंग करत, स्टिक पुढे धरून समोरच्याला हळूहळू कडेच्या फळीकडे न्यायचा, गोलसमोरची जागाच मिळू द्यायचा नाही, आणि नेमक्या क्षणी स्टिकच्या टोकाने पक (खेळातली रबरी चकती) काढून घ्यायचा. १५६४ सामन्यांत पेनल्टीची मिनिटं (शिक्षा म्हणून खेळाबाहेर बसायचा वेळ) फक्त ५१४, म्हणजे सरासरी सहा सामन्यांत दोन मिनिटांची एक शिक्षा. बचावपटूसाठी हे थक्क करणारं आहे. त्याचे जुने सामने मी अजूनही पक सोडून त्याच्या पायांकडे बघत पाहतो.