सेक्रेटेरिएटचं आजोळ

सेक्रेटेरिएट या अमेरिकन शर्यतीच्या घोड्याबद्दल ‘धावला जबरदस्त, पण बाप म्हणून फुसका’ असं एक मत आहे. मला ते अर्धंच पटलं. १९७३ची बेलमाँट ही अमेरिकेतली मोठी शर्यत त्याने ३१ लेंग्थ्सनी (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) जिंकली, २ मिनिटं २४ सेकंदांत. शेवटी मागे कुणी उरलंच नव्हतं, म्हणून जॉकी टर्कॉट मान वळवून घड्याळाकडे बघत होता! असा दुसरा घोडा त्याच्या मुलांत निघाला नाही, हे कबूल. त्याच्या रायझन स्टार या मुलाने १९८८ची प्रीकनेस (अशीच दुसरी मोठी शर्यत) आणि बेलमाँट मारली खरी, पण बापाची सर कुठली.

मात्र त्याच्या लेकींकडे बघा. वीकेंड सरप्राइझच्या पोटी ए. पी. इंडी, टर्लिंग्वाच्या पोटी स्टॉर्म कॅट, सीक्रेटेमच्या पोटी गॉन वेस्ट. तिघेही नावाजलेले पैदाशी घोडे. स्टॉर्म कॅटची एका घोडीमागची फी तर ऐन भरात ५ लाख डॉलर होती. महालक्ष्मी रेसकोर्सवर रेसबुक (शर्यतीतल्या घोड्यांच्या माहितीची पुस्तिका) चाळताना मीही कित्येक वर्षं फक्त बापाचं नाव वाचायचो. आता आधी आईचा बाप कोण ते शोधतो. (पैसे तरीही जातातच, ते सोडा.)