विजापूरच्या भूमिगत खापरी नळांचं मॉडेल : ईपॅनेटमध्ये दाब उणे येतोय

टिळकवाडी_सिव्हिल
बेगम तलाव (1651, मुहम्मद आदिलशहा) ते विजापूर शहर हा नळमार्ग क्यूजीआयएसमध्ये (नकाशांचं सॉफ्टवेअर) उभा करतोय. शिल्लक गुंज (नळमार्गावरचे पाण्याचे मनोरे) सरळ रेषेत जोडलेत. उंची इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरच्या 30 मीटर कार्टोसॅट डीईएमवरून (उपग्रहाचा उंची-नकाशा) घेतली. नळ 15 ते 50 फूट खोल होते, म्हणून सरसकट 30 फूट धरलेत. ईपॅनेटमध्ये (नळांतल्या प्रवाहाचं सॉफ्टवेअर) चालवलं की तिसऱ्या गुंजापुढे दाब उणे जातो. मार्ग शोधायला बेळगावात 400 मेगाहर्ट्झचं जमिनीखाली बघणारं रडार भाड्यानं मिळतंय. आणावं का?

निपाणी_लेव्हल
रडार नंतर बघू, आधी उंची सुधारा. त्या डीईएमची उभी चूकच काही मीटरची, वर झाडं-छपरंही जमीन म्हणून मोजली जातात. इथे सगळा खेळ 500 मीटरला एखाद्या मीटरच्या उताराचा.

दुसरं, खोली सरसकट धरली की जमिनीचा प्रत्येक उंचवटा नळात उतरतो. 15 आणि 50 फुटांतला फरक माझ्या मते त्यामुळेच आहे: टेकाडाखाली चर खोल, सखलात उथळ. तेव्हा नळाचा तळ दोन गुंजांमध्ये सलग धरा आणि खोली वजाबाकीनं काढा. ती 15–50 च्या बाहेर गेली तर तिथला मार्गच वेगळा असणार.

ऑटो लेव्हलनं (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) बंद फेरी करा, सुरुवातीच्या बिंदूवर मिटताना फरक 12√K मिमीच्या आत हवा (K किलोमीटरमध्ये). आरटीके (अचूक जीपीएस) वापरलंत तर जिऑइड दुरुस्ती, म्हणजे त्याची उंची समुद्रसपाटीच्या उंचीत बदलणं, विसरू नका. आपल्याकडे जीपीएसची लंबगोलावरची (पृथ्वीच्या गणिती आकारावरची) उंची समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा काही दशक मीटर कमी येते. तलाव जुन्या नकाशावरून आणि गुंज आरटीकेवरून घेतलेत तर दाब भरपूर दिसेल आणि मॉडेल उगाच छान वाटेल. ही चूक उणे दाबापेक्षा वाईट, कारण कुणाला शंकाच येत नाही.

खानापूर_भूभौतिक
400 मेगाहर्ट्झ कोरड्या मुरमात दोन-तीन मीटर जाईल, काळ्या मातीत तेवढंही नाही. चिकणमाती लहर गिळते. तुमचा नळ साडेचार ते पंधरा मीटरवर, म्हणजे भाडं वाया.

विद्युत रोधकता (जमिनीत वीज सोडून तिचा रोध मोजणं) करा. 48 इलेक्ट्रोड (धातूच्या खुंट्या) 2 मीटर अंतरावर लावले की 94 मीटरची रेघ होते; खोली साधारण तिच्या पाचव्या भागाइतकी मिळते. रेघ मार्गाला आडवी टाका. पंधरा मीटरवरचा खापरी नळ तसा दिसणार नाही; दिसलाच तर भोवतीचं बांधकाम किंवा भरलेला चर. उन्हाळ्यात खुंटीशी मिठाचं पाणी ओता, नाहीतर संपर्करोध वाढून आकडे नाचतात. स्मारकाजवळ खुंटी ठोकायची असेल तर पुरातत्त्व खात्याच्या धारवाड मंडळाची परवानगी आधी घ्या, ड्रोनलाही तेच.

हायड्रो_गडहिंग्लज
गुंज साधा जंक्शन (नुसता सांधा) म्हणून ठेवलेत का? 25 ते 40 फुटांचे हे मनोरे दाब मोकळा करायला आणि गाळ तळाशी बसवायला. पुण्याच्या कात्रज नळावरचे उच्छ्वास (असेच मनोरे) बघितलेत तर कल्पना येईल. ईपॅनेट 2.2 मध्ये प्रत्येक गुंज छोटी टाकी करा, ओव्हरफ्लो चालू ठेवा. आत चुनखडीचा थर असेल तर त्याची वरची कड मोजा. पाणी कुठवर चढत होतं याचा तोच पुरावा, आणि मॉडेल त्याच्याशी जुळवायचं.

व्यास अंदाजानं टाकू नका, खापराच्या वक्रतेवरून आतला व्यास काढा. हेझन-विल्यम्स गुणांक (नळाच्या गुळगुळीतपणाचा आकडा) 100 धरून 1:500 उताराला 150 मिमी नळ सेकंदाला सुमारे 6.6 लिटर देतो, 100 मिमी जेमतेम 2.3.

बीदरच्या नौबाद कारेझला मात्र ईपॅनेट लावू नका. तिथे बोगद्यातून उघडा प्रवाह, त्याला एसडब्ल्यूएमएम (उघडा प्रवाहही हाताळणारं सॉफ्टवेअर).

टिळकवाडी_सिव्हिल
गुंज जंक्शनच होते. टाक्या करतो, लेव्हल फेरी नव्यानं लावतो. थ्रीडीत पडलेल्या गुंजांचं काय करावं?

निपाणी_लेव्हल
प्रत्येक तुकड्याला 'पुरावा' नावाचा रकाना द्या: प्रत्यक्ष दिसलेला, उपकरणानं सापडलेला, तर्कानं जोडलेला. तिसरा तुटक रेषेत, पारदर्शक. पडलेल्या गुंजाचा पाया सापडला असेल तर जागा पक्की. उंची मात्र तर्काचीच, म्हणून दोन्हींना वेगळे रकाने.