के१ = के२ = के३ : सोय की पळवाट?

पीळदार
नेमॅटिकवरचा (लांबट रेणू साधारण एकाच दिशेने लागलेल्या द्रव-स्फटिकावरचा) कुठलाही थिअरी पेपर उघडा, दुसऱ्या-तिसऱ्या पानावर 'तिन्ही इलॅस्टिक कॉन्स्टंट समान धरू' हे वाक्य भेटतंच. हे कॉन्स्टंट म्हणजे के१, के२, के३: रेणूंची दिशा जागोजागी बदलायला होणारा विरोध. मग फ्रँकने १९५८ साली स्प्ले (फाकणं), ट्विस्ट (पीळ) आणि बेंड (वाकणं) यांचे अनुक्रमे वेगळे के मांडले ते काय हौसेखातर? ५सीबीसारख्या प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या नेमॅटिकमध्ये खोलीच्या तापमानाला ते साधारण ६, ४ आणि ८ पिकोन्यूटन भरतात. बेंड ट्विस्टच्या दुप्पट! निव्वळ पळवाट आहे ही.

कागद-पेन्सिल
अजिबात नाही. डायरेक्टर (रेणूंची सरासरी दिशा) एका प्रतलात ठेवा, एकच के घ्या. त्याच्या कोनासाठी थेट लाप्लासचं समीकरण मिळतं. +१/२ आणि −१/२ दोष (ज्यांच्याभोवती फिरताना दिशा उलटसुलट अर्धा वळसा घेते अशा जागा) एकमेकांना का ओढतात, दोषाची ऊर्जा नमुन्याच्या आकाराच्या लॉगने का वाढते, सगळं हाताने निघतं. तीन के घातले की रंगीत चित्रं मिळतात, उमगत काही नाही. शिवाय तिन्ही लागतात कुठे? प्लेनर सेलमध्ये (रेणू काचांना समांतर) फ्रेडरिक्सचं थ्रेशोल्ड व्होल्टेज, म्हणजे ज्यापुढे रेणू वळू लागतात ते, तीन केंपैकी एकट्या के१वर ठरतं, सेलच्या जाडीवरसुद्धा नाही.

पीळदार
थ्रेशोल्डपुरतं मान्य. त्यापुढे व्होल्टेजबरोबर रेणू वळण्याचा वक्र किती चढा, यात के३/के१ आलंच. आणि क्रोमोनिकचं (पाण्यात रेणूंच्या चळती होऊन बनणाऱ्या द्रव-स्फटिकांचं) काय करणार? तिथे के२ इतका लहान, की रेणू अकायरल (डावा-उजवा भेद नसलेले) असूनही थेंबातला डायरेक्टर आपोआप पीळ घेतो. स्पर्शरेषेत अँकरिंग असलेल्या (रेणू पृष्ठभागाला समांतर धरून ठेवणाऱ्या) दोन ध्रुवांच्या थेंबासाठी अट ढोबळमानाने अशी: के१ हा के२ + ०.४३ के३ पेक्षा मोठा हवा. आता तिन्ही समान टाका. १ हा १.४३ पेक्षा मोठा होईल? तुमच्या मॉडेलमध्ये हा पीळ कधीच पडणार नाही. किंमत थोडी चुकली तर चालवून घेऊ, इथे अख्खी घटनाच गायब होते.

कागद-पेन्सिल
क्रोमोनिक हे टोकाचं उदाहरण. त्यावरून सगळ्यांना झोडपू नका.

क्यू-टेन्सर
दोघंही डायरेक्टरलाच धरून बसलात. लँडाउ–द जेन सिद्धांतात या: तिथे नुसत्या दिशेऐवजी क्यू हा टेन्सर घेतात, त्यामुळे दोषाचा गाभाही हाताळता येतो. फक्त एक मेख आहे: ऊर्जेत ग्रेडियंटची (क्यू जागोजागी किती बदलतो याची) नेहमीची दोन वर्गपदं घेतली तर के१ आणि के३ समानच येतात. ते वेगळे करायला घनपद घालावं लागतं, आणि ते घातलं की ऊर्जेला खालून तळच राहत नाही. बॉल आणि मजुमदार यांनी २०१० मध्ये बल्क पोटेन्शियल (ग्रेडियंट नसलेला ऊर्जेचा भाग) बदलून यावर उपाय सुचवला, पण गणित जड होतं. त्यामुळे बरेच जण गुपचूप दोन पदांवर थांबतात.

पीळदार
म्हणजे तुमच्याकडेही तीच पळवाट, फक्त टेन्सरच्या आड!

क्यू-टेन्सर
आड कशाला, उघड आहे. पेपरात एक ओळ लिहावी: कुठला के कुठे समान धरला आणि त्याने निष्कर्ष बदलतो का. ती ओळ नसेल तर रिव्ह्यूअरने पेपर परत पाठवावा.

कागद-पेन्सिल
'बदलतो का' हे कळायला आधी तीन के घेऊनच सोडवावं लागेल की!