लिपस्टिक फेका, कुंकू लावा: खरंच?

जुनेनाशिक: काल इथे कुणीतरी लिहिलं, "अमेरिकेने रेड-३ वर बंदी घातली, लिपस्टिक फेका, रामकुंडावरचं नैसर्गिक कुंकू लावा." डोकं उठलं वाचून. अहो, सौंदर्यप्रसाधनांतून हे रेड-३, म्हणजे एरिथ्रोसिन नावाचा कृत्रिम लाल रंग, तिथे १९९० सालीच हद्दपार झालं. जानेवारी २०२५ चा आदेश खाण्याच्या पदार्थांचा आणि पोटात घ्यायच्या औषधांचा. तोही नर उंदरांच्या थायरॉइडला गाठी आल्या म्हणून. प्राण्यात कर्करोग दिसला की मात्रा कितीही असो, परवानगी नाही, असा तिथला कायदाच आहे. लिपस्टिकच्या खोक्यावर निदान रंगाचा सीआय नंबर असतो, म्हणजे नेमका कोणता रंग ते सांगणारा क्रमांक. सुट्या कुंकवाच्या पुडीवर काय असतं? विकणाऱ्याचा शब्द!

पंचवटीकरीण: ती पोस्ट माझीच. आमच्या आजीने जन्मभर कुंकू लावलं, काही झालं नाही.

जुनेनाशिक: आजी घरी करायच्या ना? हळकुंडं, टाकणखार, लिंबाचा रस? ते विटकरी व्हायचं. आजचं बोटाला लावून धुवा, पाणी गुलाबी होतं. हळद कधीपासून गुलाबी निथळायला लागली?

सातपूर_एमआयडीसी: नैसर्गिकच हवं असेल तर कार्माइन घ्या, वाळवलेल्या किड्यांपासून काढतात. एकादशीला चालेल? अ‍ॅलर्जी त्याचीही येते. आणि शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. प्रसाधनाच्या रंगात आपल्याकडे शिशाची मर्यादा २० पीपीएम (दहा लाख भागांत २०) आहे, पण सुट्या मालाला कोण विचारतो!

सिडकोची_माई: रंगाचं राहू द्या, टिकलीच्या गोंदाचं बोला. माझ्या कपाळावर बरोबर टिकलीएवढा पांढरा डाग पडला. डॉक्टर म्हणाले, गोंदातलं पॅरा-टर्शरी ब्युटाइल फिनॉल हे रसायन. रंगाचा काडीचा संबंध नाही. पण हळदीकुंकवाला बायका माझ्या हातचा तिळगूळ घेताना एकमेकींकडे बघायच्या. कोड आहे म्हणे!

गंगापूररोड: आता टिकलीही नको? दरवेळी आपल्याच संस्कृतीवर का घसरता?

सिडकोची_माई: डिंकाला कसली आलीय संस्कृती? डाग तुमच्या कपाळावर नाही, म्हणून बोलता.

इंदिरानगर: बहिणीलाही तसाच डाग आलाय. टिकली बंद केल्यावर जातो का हो?

सिडकोची_माई: माझा फिकटला, पुरता गेला नाही. लवकर दाखवा. आणि सासूबाईंना आधी सांगा, नाहीतर रोज "कपाळ मोकळं का" ऐकावं लागतं.

गंगापूररोड: बरं माई, तुमचं मान्य. पण हे जुनेनाशिक रंगपंचमीला रहाडीत, त्या रंगाच्या हौदात, धप्पा म्हणजे उडी मारताना रंगाचा नंबर विचारतात का?

जुनेनाशिक: रहाडीवर घसरायचं काम नाही! आमच्याकडे पानंफुलं उकळून रंग करतात, येऊन बघा एकदा.

सातपूर_एमआयडीसी: म्हणजे तिथे मात्र "नैसर्गिक" हा शब्द पुरतो?

जुनेनाशिक: रंग आमच्या डोळ्यांसमोर उकळतो. पुडी कुणी भरली ते दिसतं का?

पंचवटीकरीण: बरं, नाही फेकत लिपस्टिक. पण नंबर छापलेलं कुंकू कुठे मिळतं ते सांगा, की ते आणायलाही अमेरिकेला जाऊ?