मदत हवी आहे: भाद्रपद लागायच्या आत गावातल्या कुत्र्यांची नसबंदी कुठं होईल?

शिवार_२२
नमस्कार मंडळी. लवकर सांगा कोणीतरी, पोळा तोंडावर आलाय, पोळा झाला की भाद्रपद, आणि एकदा भाद्रपद लागला, माद्या माजावर आल्या की काहीच हातात राहत नाही. गावातल्या कुत्र्यांचं ऑपरेशन करायचंय. इथल्या दवाखान्यात विचारलं तर आमच्याकडं होत नाही म्हणाले. तालुक्याच्या खासगीवाल्यांनी एकाचे साडेतीन हजार सांगितले, कुठून आणू? १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय काढला तर लोक म्हणायले आधी नाली करा, कुत्र्याचं काय घेऊन बसलात. मागच्या आठवड्यात गल्लीतल्या एका लेकराला चावलं तेव्हापासून तर दोन-तीन जण उघड बोलायलेत की औषध टाकून मोकळं व्हा. शेडमधली पिल्लं तरी मी घरात घेईन पण बाकीच्यांचं काय. कमी पैशात कुठं होतं, कोणाला गाठू, एवढंच सांगा. शाबासकी नको, पत्ता हवाय.

गंगाखेडकर
भाऊ, जिल्हा कोणता, तालुका कोणता, कुत्रे किती, त्यात माद्या किती? काहीच न सांगता पत्ता कसा देणार. आणि दवाखाना श्रेणी १ का श्रेणी २? श्रेणी २ ला पशुधन पर्यवेक्षक असतात, पोट उघडायचं ऑपरेशन त्यांचं कामच नाही. श्रेणी १ ला पशुधन विकास अधिकारी म्हणजे डिग्रीवाले डॉक्टर असतात, पण तिथंही भूल द्यायची सोय, नंतर जनावर ठेवायला जागा असेलच असं नाही. गायी-म्हशींतच त्यांचा दिवस जातो.

आक्का_तेर
कुत्र्याचं नंतर. लेकराला इंजेक्शन दिलं का? जखम कुठं आहे, किती खोल? त्याबद्दल एक शब्द लिहिला नाही.

मोंढा_नाका
ऑपरेशनच्या भानगडीत पडूच नका. माजावर येऊ नये म्हणून इंजेक्शन मिळतं मेडिकलवर. आमच्या मळ्यावरच्या कुत्रीला दोन वर्षं देतोय, एक पिल्लू नाही. शे-दोनशेत काम होतं.

व्हेट_उदगीर
मोंढा_नाका दादा, हे कृपा करून कोणाला सांगू नका. ते हार्मोनचं इंजेक्शन आहे. वरचेवर दिलं तर गर्भाशयात पू होतो, स्तनाच्या गाठी होतात. मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, अशा माद्या आमच्या ओपीडीत येतात, बऱ्याच उशिरा येतात आणि मग तेच ऑपरेशन तापलेल्या, खंगलेल्या जनावरावर करावं लागतं. आणि मादी आधीच गाभण असताना टोचलं तर पिल्लं पोटातच अडकतात.

मोंढा_नाका
आमची तर ठणठणीत आहे. पुस्तकातलं वेगळं आणि मळ्यातलं वेगळं.

व्हेट_उदगीर
आजपर्यंत ठणठणीत आहे, चांगली गोष्ट आहे. तरी तिच्या पोटाखाली हात फिरवून गाठ लागते का बघा. आणि जास्त पाणी प्यायला लागली, मागून पू-पाणी दिसलं तर थांबू नका.

शिवार_२२
सगळ्यांना एकदाच सांगते. मी भाऊ नाही, ताई आहे. जिल्हा बीड, तालुका केज. दवाखाना श्रेणी २ आहे हे आत्ता बोर्ड बघून आले. लेकराला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं होतं, दोन डोस झाले, पोटरीला दात लागलेत, रक्त आलं होतं.

कुत्रे मोठे सतरा, त्यात माद्या नऊ. शेडमध्ये पाच पिल्लं, तीन महिन्यांची. शेड म्हणजे आमच्या चुलत्याचा जुना गोठा. दिवाळी झाली की अर्धं गाव कोयता घेऊन कारखान्यावर जातं, दारं बंद होतात, आणि त्या दारांत भाकरीवर वाढलेली कुत्री मागं राहतात. त्याच टायमाला भाद्रपदातल्या माद्या व्यायलेल्या असतात. दोन वर्षांपूर्वी एक मादी बंद घराच्या ओसरीवर चार पिल्लं घेऊन पडलेली सापडली, दूध आटलेलं, तिला गोठ्यात आणलं तिथून हे सुरू झालं. त्या चारातलं एक जगलं. यंदा मला ते परत बघायचं नाही म्हणून घाई करायलेय.

आक्का_तेर
ताई, रक्त आलं म्हणजे ती तिसऱ्या श्रेणीची जखम. नुसती लस पुरत नाही, जखमेत आणि जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं, द्यावं लागतं. ते दिलं का विचारा त्यांच्या आईला, आजच. केंद्रात नसेल तर ग्रामीण रुग्णालय नाहीतर अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेज. पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत देता येतं, त्याच्यानंतर नाही. पुढचे डोस चुकवायचे नाहीत, कातडीत देत असतील तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, दंडात असतील तर १४ वा दिवस धरून पाच. आमच्या गावात अजून लोक मिरची बांधतात, चुना लावतात, उतारा काढतात. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं सोडून हे सगळं. मी आशा म्हणून चौदा वर्षं काम केलंय. एकदा का पाण्याला घाबरायला लागलं की मग कोणाच्याच हातात राहत नाही.

शिवार_२२
तुम्ही म्हणता ते दुसरं इंजेक्शन दिलं नव्हतं. आज पाचवा दिवस आहे. त्यांच्या वडलांना गाडीवर अंबाजोगाईला पाठवलंय.

शेळीपालक_माजलगाव
सगळं खरं, पण आमचं पण ऐका. मागच्या मार्चात तीन शेळ्या आणि एक बोकड एका रात्रीत फाडले. पंचनामा नाही, भरपाई नाही. वाघ-बिबट्यानं मारलं तर वनखात्याकडं अर्ज करता येतो, कुत्र्यानं मारलं तर कोणाकडं जायचं? नसबंदी केलेला कुत्रा शेळी फाडत नाही का? तोंड तर तेच राहतं. सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की सगळे उचला.

निवृत्त_ग्रामसेवक
शेळीपालक भाऊ, तुमचं नुकसान झालंय, त्यावर वाद नाही. पण कोर्टाचं अर्धंच पोचलंय तुमच्यापर्यंत. ११ ऑगस्ट २०२५ चा उचलून कायम शेल्टरमध्ये ठेवायचा आदेश दिल्ली आणि आसपासच्या शहरांपुरता होता. २२ ऑगस्टला मोठ्या खंडपीठानं तो बदलला, नसबंदी आणि लस करून जिथून उचलला तिथंच सोडायचा, फक्त रेबीज झालेला, तशी शंका असलेला किंवा अंगावर जाणारा सोडायचा नाही. मग ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन यांच्या आवारातले कुत्रे हलवून शेल्टरला ठेवा असं सांगितलं. तुमच्या शिवारातले सगळे उचला असं त्यात कुठं नाही.

आता ताईंसाठी. नियम २०२३ चे आहेत, प्राणी जन्म नियंत्रण नियम, १० मार्च २०२३. त्याच्या आधी २००१ चे होते. भटक्या कुत्र्यांची नसबंदी-लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी, म्हणजे ग्रामपंचायतीचीही. ज्या संस्थेकडून करून घ्यायचं तिला ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची प्रकल्प मान्यता लागते. त्यामुळे मोहीम म्हणून करायचं तर हे सगळं लागेल. ग्रामसभेत विषय काढला म्हणता, पण ठराव झाला का? इतिवृत्तात नोंद आली का? नुसतं बोलणं झालं असेल तर काहीच झालं नाही असं धरा. पुढच्या सभेला, २ ऑक्टोबरला, लेखी अर्ज देऊन विषय पत्रिकेवर घ्यायला लावा आणि ठरावाची प्रत गटविकास अधिकारी, जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्त आणि जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला द्या, तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात.

शिवार_२२
काका, २ ऑक्टोबरपर्यंत भाद्रपद संपत येईल. माझ्याकडं तेवढे दिवस नाहीत.

शेळीपालक_माजलगाव
हेच म्हणतोय मी. ठराव, प्रत, मान्यता. तोवर चाळीस पिल्लं.

कन्नड_घाट
माजलगाववाले आहेत म्हणून विचारतो, २०२१ च्या डिसेंबरात तुमच्या लऊळला माकडं कुत्र्याची पिल्लं उचलून झाडावर, छतावर नेत होती ती बातमी खरी होती का? आमच्याकडं अजून लोक सांगतात की कुत्र्यांनी आधी माकडाचं पिल्लू मारलं म्हणून बदला घेतला.

शेळीपालक_माजलगाव
पिल्लं नेत होती हे खरं. वर नेऊन ठेवायची, मग ती उपाशी मरायची किंवा खाली पडायची. वनखात्यानं दोन माकडं धरून नेली. बदल्याचं कोणी बघितलं नाही, पेपरात आकडे पण कायच्या काय आले. पण त्याचा इथं काय संबंध.

हाउंड_लातूर
ज्यांना गावठी सांभाळायचा त्रास होतो त्यांनी कारवान जातीचा कुत्रा पाळावा. ज्वारीची भाकरी आणि ताकावर राहतो, शेतीला राखण होते. पावसाळ्यात गोचीड होतात तेव्हा गोठ्याच्या फटी चुन्यानं भरून घ्यायच्या, नुसतं कुत्र्याच्या अंगावर औषध लावून भागत नाही. कोणाला पिल्लू हवं असेल तर विचारा.

गंगाखेडकर
इथं पिल्लं होऊ नयेत म्हणून धागा आहे आणि तुम्ही पिल्लं विकायलात.

ताई, केजहून तुम्हाला दोन रस्ते. अंबाजोगाई-परळी-गंगाखेड करत परभणी, नाहीतर लातूरवरून उदगीर. दोन्हीकडं सरकारी पशुवैद्यकीय कॉलेज आहे, नागपूरच्या विद्यापीठाचं, आणि कॉलेजला जोडून दवाखाना. तिथं डॉक्टरही आहेत, टेबलही आहे. माझ्या दोन्ही कुत्र्या परभणीलाच झाल्यात, खासगीच्या मानानं फारच कमी खर्च आला.

व्हेट_उदगीर
बरोबर. ताई, सतराचं टेन्शन आज घेऊ नका. नर राहू द्या. आठ नरांचं ऑपरेशन केलं आणि एक नर शेजारच्या वाडीवरून आला की सगळं पाण्यात. नऊ माद्या झाल्या तर यंदा पिल्लंच नाहीत. त्यातही आधी त्या बघा ज्या तुमच्या हाताला लागतात, ज्यांना दोरीची सवय आहे. जाळी टाकून पकडायला जाऊ नका, त्यात माणसालाही चावतं आणि ती मादी परत कधी जवळ येत नाही.

दूध पाजत असेल तर थांबायचं, पिल्लं दोन महिन्यांची होऊ द्यायची. सहा महिन्यांच्या आतली नाही. तुमच्या पाच पिल्लांना आता फक्त रेबीजची लस, तीन महिन्यांना ती देता येते, आणि लस बर्फात आणायची, पिशवीत उन्हातून आणलेली लस म्हणजे पाणी. आदल्या रात्रीपासून उपाशी. बेल्ट आणि तोंडाला बांधायला सुती पट्टी. टाके चाटू द्यायचे नाहीत, किमान पाच दिवस कोरड्या जागेत बांधून ठेवायची, मग तिच्याच गल्लीत सोडायची. नसबंदी झाल्याची खूण म्हणून कानाला खाच मारून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी तीच मादी पुन्हा धरून आणाल.

येण्याआधी फोन करा. सुट्टी, परीक्षा असली की ऑपरेशनं होत नाहीत.

आक्का_तेर
पाच दिवस कोरडी जागा, श्रावण-भाद्रपदात. गोठा गळतो का?

शिवार_२२
एका बाजूनं गळतो.

निवृत्त_ग्रामसेवक
ते औषध टाकायचं बोलणाऱ्यांना एक सांगून ठेवा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५, जनावर मारणं, विष घालणं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मी नोकरीत असताना एका गावात औषध टाकलेलं बघितलंय. अकरा कुत्रे मेले, ते खाऊन घारी-कावळे मेले, एका म्हातारीची मांजर मेली. पुढच्या पावसाळ्यात गावात तेवढेच कुत्रे होते, फरक एवढाच की ते बाहेरून आलेले, कोणाला ओळखत नव्हते आणि पोरांच्या अंगावर जायचे.

आणि चिकनच्या दुकानांची घाण कुठं टाकतात ते बघा. गावाबाहेर नाल्यात टाकत असतील तर तुम्ही नऊ माद्या करा का एकोणीस, बाकीच्या गावचे तिथं येणार. ग्रामपंचायतीला खड्डा करून पुरायला लावा, त्याला मान्यताही लागत नाही आणि पैसाही.

शेळीपालक_माजलगाव
हे मात्र पटलं. माझ्या शेळ्या फाडल्या ती जागा अशाच नाल्याच्या कडेला आहे. श्रावणात दुकानं बंद झाली की तिथले कुत्रे उपाशी, मग वस्तीकडं सरकतात. ताई, माझ्याकडं जुनी ताडपत्री आहे, शेळ्यांच्या शेडची, दोन ठिकाणी फाटलीय पण गोठ्याची एक बाजू झाकंल. केजला बाजाराला येतो तेव्हा आणतो.

गंगाखेडकर
ताई, ट्रस्ट रजिस्टर करून घ्या, ८०जी म्हणजे देणगीवरची करसवलत घ्या, मग कंपन्या पैसे देतात.

आक्का_तेर
तिच्याकडं दोन आठवडे आहेत आणि तुम्ही ट्रस्ट काढायलात. बारदान, चुरी, डेटॉल, जुन्या चादरी, आत्ता हे लागणार. मी चादरी पाठवते एसटीनं. लेकराचं काय झालं ते आधी कळवा.

शिवार_२२
अंबाजोगाईला इम्युनोग्लोब्युलिन मिळालं, जखमेतच दिलं, पोरगं फार रडलं म्हणे. आता घरी आहे. त्याचे वडीलच औषध टाका म्हणणाऱ्यांत होते. येताना गोठ्यावर थांबले, काही बोलले नाहीत, पिल्लांकडं बघत उभे राहिले. उद्या परत विचारते.

परभणीला फोन लागला. गुरुवारी सकाळी दोन माद्या घेऊन या म्हणाले, आधी तपासतील, मग ठरवतील. चुलत भावाचा पिकअप आहे, डिझेल माझं. तांबडी हाताला येते, तिचं नक्की. दुसरी काळी न्यायची होती पण कालपासून तिच्यामागं चार नर फिरायलेत. उशीर झाला का? माजावर आलेलीचं करतात का?

व्हेट_उदगीर
माजात रक्तपुरवठा वाढलेला असतो, रक्त जास्त जाण्याचा धोका असतो म्हणून बरेच सर थांबायला सांगतात. पण घेऊन जा, तपासून तेच ठरवतील. तोवर तिला आजच्या आज गोठ्यात घ्या आणि दार आतून बंद. नर रात्रभर दार उकरतील, खालून फळी लावा.

शिवार_२२
फळी लावली. काळी आत आहे, तांबडी पण. बाहेर सहा नर बसलेत.