‘स्क्रीन फाटली’ की ‘चित्र फाटायलंय’?

परभणीहून

मुलगा आठवीत आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघांनी जुन्या व्हिडिओ गेमसाठी घरीच एक कन्सोल जोडला. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक, २.८ इंचांचा छोटा पडदा, सहा बटणं, आणि हे सगळं बसवायला प्लायवूडची पेटी. खेळ सुरू झाला, पण गडी पळायला लागला की चित्रात एक रेघ उमटायची. रेघेच्या एका बाजूला झाडाचा शेंडा, दुसऱ्या बाजूला खोड, आणि दोन्ही एकमेकांपासून सरकलेले. पोरगं म्हणालं, “बाबा, चित्र फाटायलंय.”

मी पेटी घेऊन दुकानात गेलो आणि सांगितलं, “स्क्रीन फाटली.” दुकानदारानं काच पाहिली, पडद्याला जोडणारी तारांची पट्टी हलवून पाहिली आणि पडदा बदलून दिला. साडेसहाशे रुपये गेले. नव्या पडद्यावरही तीच रेघ. तेव्हापासून मला वाटतंय की पोरगं बरोबर बोललं होतं आणि मी दुकानात चुकीचं बोललो.

इंग्रजीत याला टेअरिंग म्हणतात, म्हणून आपण ‘फाटणे’ म्हणतो. पण कापड फाटलं तर दोन्ही तुकडे त्याच कापडाचे असतात. इथे एक तुकडा आधीच्या क्षणाचा आणि दुसरा नंतरच्या क्षणाचा आहे. मग ‘फाटणे’ हा शब्द इथे चालेल का?

लातूरहून

चालेल की. ‘फाटणे’ कापडापुरता कधीच नव्हता. दूध फाटतं. कर्णा जास्त मोठा केला की आवाज फाटतो, आणि तेव्हा आपण कर्णा फाटला असं म्हणत नाही. एक रस्ता दोन दिशांना गेला की तिथं फाटा असतो. एकसंध असलेलं एकसंध राहिलं नाही, एवढाच या सगळ्यातला समान अर्थ. ‘चित्र फाटणे’ हे ‘आवाज फाटणे’च्या शेजारी नीट बसतं.

फक्त ‘फट’ म्हणू नका. दाराला फट असते, तिच्यातून उजेड येतो. इथे मध्ये मोकळी जागा काहीच नाही.

पैठणहून

मला ‘फाटणे’ पटत नाही, कारण त्यातून कारण कळत नाही. आमच्या गावात मागावर कापड कसं वाढतं ते लहानपणापासून पाहिलंय. एका वेळी एकच ओळ. पडद्यावरचं चित्रही असंच वरून खाली ओळीओळीनं भरतं. आता समजा, अर्धा मोर विणून झालाय आणि कुणी समोरचा नक्षीचा कागद बदलला. वर जुन्या मोराची मान आणि खाली नव्या मोराचा पिसारा. कापड कुठंही फाटलेलं नाही, एकही धागा तुटलेला नाही. फक्त कागद चुकीच्या वेळी बदलला. म्हणून मी याला ‘सांधा दिसणे’ म्हणेन.

जालन्याहून

पैठणचे भाऊ, कागदाचं उदाहरण फार चांगलं आहे, पण ‘सांधा’ नको. मी शिवणकाम करते. सांधा म्हणजे मुद्दाम केलेली जोड, ती चूक नसते. ‘उसवणे’ही नको, कारण आधी शिवलेलं असेल तरच ते उसवतं.

आणि परभणीच्या भाऊंना एक विचारायचंय : तुमची रेघ आडवी आहे की तिरपी? विचारायचं कारण असं की फडकं हातानं फाडलं तर ते धाग्याला धरून सरळच फाटतं. तिरपं हवं असेल तर कात्री लावावी लागते.

नांदेडहून

ताई, तुम्ही शिवणातून जो प्रश्न विचारला तोच इलेक्ट्रॉनिक्समध्ये पहिला विचारायचा असतो. थोडं सविस्तर लिहितो.

साधा टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र भरतो, म्हणजे एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद. एक चित्र संपून दुसरं सुरू होण्याआधी अगदी थोडा वेळ मोकळा असतो. जुन्या काचेच्या टीव्हीत तेवढ्यात किरण खालून परत वर जायचा. मी त्या वेळाला ‘उसंत’ म्हणतो. कन्सोलच्या मेनूत व्ही-सिंक नावाची सोय असते. ती चालू असेल तर कन्सोल नवं चित्र त्या उसंतीतच देतो. बंद असेल तर कधीही देतो, मग वर जुनं चित्र, खाली नवं आणि मध्ये आडवी रेघ. पैठणच्या दादांचा कागद तो हाच.

छोट्या पडद्याचं गणित वेगळं. त्यावर पडदा चालवणारी चिप असते, बहुधा आयएलआय ९३४१. ३२० गुणिले २४० ठिपके, प्रत्येकाला १६ बिट, म्हणजे एका चित्राला १२,२८,८०० बिट. पडद्याकडे चित्र नेणारी एसपीआय नावाची तार ४० मेगाहर्ट्झनं, म्हणजे सेकंदाला चार कोटी बिट या वेगानं चालवली तरी एक चित्र पोचायला जवळपास ३१ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात पडदा स्वतःच्या आठवणीतलं चित्र दोनदा रंगवून मोकळा होतो. म्हणजे आपलं लिहिणं चालू असतानाच तो वाचत असतो. त्यात ही चिप मुळात उभ्या पडद्याची. पेटीत आपण तो आडवा बसवतो, म्हणून आपण एका दिशेनं लिहितो आणि तो दुसऱ्या दिशेनं वाचतो. त्यामुळं रेघ तिरपी दिसते.

ती तिरपी रेघ मेनूतल्या व्ही-सिंकनं जात नाही. चिपला टीई नावाची एक तार असते, ‘आता उसंत आहे’ हे सांगणारी. स्वस्त पडद्यांच्या सर्किटवर ती बहुतेक वेळा बाहेर काढलेलीच नसते. मग दोनच गोष्टी हातात राहतात : बदललेले ठिपके तेवढेच पाठवणारा ड्रायव्हर, म्हणजे पडद्याकडे चित्र पाठवणारा प्रोग्रॅम, वापरायचा, किंवा चित्र लहान ठेवायचं. गेम बॉय या हातात धरायच्या जुन्या गेमयंत्राचं चित्र १६० गुणिले १४४ ठिपक्यांचं आहे. ते न ताणता पाठवलं तर त्याच तारेवर साधारण ९ मिलिसेकंदांत पोचतं. रेघ पूर्ण जाणार नाही, पण खेळताना डोळ्याला खुपणार नाही.

परभणीहून

ताई, रेघ तिरपीच आहे. तुमचा प्रश्न वाचून मुलानं पेटी उघडून पुन्हा पाहिलं. मग आम्ही तोच कन्सोल एचडीएमआयनं घरच्या टीव्हीला जोडला. तिथं रेघ आडवी, आणि ती हळूहळू सरकत साधारण दहा सेकंदांत पूर्ण पडदा पार करायची. मेनूत व्ही-सिंक बंद होतं. चालू केल्यावर रेघ गेली.

नांदेडहून

दहा सेकंदांचा हिशेब बरोबर लागतो. तुम्ही बहुधा जुन्या निन्टेन्डो या गेमयंत्राचे खेळ खेळत असाल. अमेरिका-जपानकडचा तो निन्टेन्डो सेकंदाला बरोबर ६० चित्रं देत नाही, ६०.०९८८ देतो. त्या उरलेल्या ०.०९८८ मुळं दहा सेकंदांत एका चित्राचा फरक पडतो आणि तेवढ्यात रेघ एक फेरी मारते.

अजून एक. त्याच खेळांत कधीकधी गडी किंवा शत्रू लुकलुकतात. ते फाटणं नाही. त्या यंत्राला एका ओळीत आठपेक्षा जास्त हलत्या आकृती दाखवता येत नव्हत्या, म्हणून खेळ बनवणारे त्या आळीपाळीनं दाखवायचे. त्याला ‘लुकलुकणे’च म्हणा, आणि ते दुरुस्त करायला जाऊ नका.

लातूरहून

मला एका गोष्टीकडे सगळ्यांचं लक्ष वेधायचंय. पोरगं म्हणालं ‘चित्र फाटायलंय’, बाप म्हणाला ‘स्क्रीन फाटली’. क्रियापद एकच, पण कर्ता बदलला आणि काळही. ‘फाटली’ म्हणजे झालं ते झालं, वस्तू गेली. असं ऐकल्यावर दुकानदार पडदा बदलणार नाही तर काय करणार? आपल्याकडचं ‘फाटायलंय’ म्हणजे या घडीला घडतंय, अजून चालू आहे. खेळ थांबवून चित्र स्थिर केलं की रेघ नाहीशी होते ना? स्थिर चित्रावरही रेघ राहिली असती तर पडदा किंवा पट्टी खराब, आणि मग ‘रेघा पडल्या’ म्हणायचं. म्हणजे रोग ओळखायला लागणारी सगळी माहिती मुलाच्या दोन शब्दांत होती. पुण्या-मुंबईकडे ‘फाटतंय’ म्हणतील, तेही चालेल. ‘फाटलं’ मात्र नाही.

पैठणहून

हे मान्य. चित्र हा कर्ता आणि चालू काळ असेल तर ‘फाटणे’ला माझी हरकत नाही. नाम काय करायचं? ‘फाट’?

जालन्याहून

आडवीला ‘फाट’. तिरपीला ‘चीर’ म्हणावं असं मला वाटतं, कारण तिरपं आपोआप फाटत नाही. तिथं दोन दिशांची ओढ असते.

परभणीहून

मुलानं पेटीच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलाय. त्यावर लिहिलंय : “टीव्हीवर आडवी फाट : व्ही-सिंक बघ. छोट्या पडद्यावर तिरपी चीर : चित्र लहान कर. थांबवल्यावरही रेघ : तेव्हाच दुकानात जा.”

जुना पडदा मी फेकला नव्हता. काल जोडून पाहिला, चांगला चालतो. आता त्याची दुसरी पेटी करायला घेतलीय.