मदत हवी आहे: सड्यावरच्या विज्ञानवर्गात ‘सीतेची आसवे’ न उपटता कशी शिकवावीत?

नमस्कार.

रत्नागिरी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांसोबत काम करणाऱ्या एका छोट्या सेवाभावी संस्थेत मी स्वयंसेवक आहे. गावालगतचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचे सपाट पठार, हीच आमची प्रयोगशाळा. पावसाळाभर आम्ही सातवीच्या मुलांना तिथे नेतो आणि डबक्यांची खोली, पाण्याचे तापमान, उमललेली फुले यांच्या नोंदी त्यांच्याकडूनच करून घेतो.

पुस्तकातल्या कीटकभक्षी वनस्पती इथे पायाशी उगवतात. लोहाने लालभडक झालेल्या, पण नायट्रोजनची वानवा असलेल्या बोटभर मातीत वनस्पतीला कीटक का धरावे लागतात, हे त्या कातळावर बसल्यावर वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दवबिंदू नावाच्या कीटकभक्षी रोपाच्या चिकट केसांत अडकलेली एक मुंगी आमच्या एका विद्यार्थिनीने जवळजवळ तासभर उकिडवे बसून पाहिली आणि दर दहा मिनिटांनी वहीत तिचे चित्र काढले.

अडचण आहे ती ‘सीतेची आसवे’ या दुसऱ्या कीटकभक्षी रोपाची. निळीजांभळी फुले वर दिसतात. मात्र दाराशी हालचाल होताच पाण्यासकट सूक्ष्म जीव आत ओढून घेणाऱ्या या रोपाच्या पिशव्या मोहरीहून बारीक असतात आणि चिखलातल्या धाग्यांवर दडलेल्या असतात. गेल्या श्रावणात 38 मुलांना त्या दाखवण्यासाठी आम्ही चार रोपे उपटली. आमचे पाहून मुलेही उपटू लागली आणि पंधरा मिनिटांत डबक्याचा एक काठ उघडा पडला. ही रोपे एका पावसाचीच सोबती. बी धरण्याआधी उपटली, तर पुढच्या वर्षी तिथे काय उगवणार? चूक आमचीच होती आणि ती मनाला फार लागली आहे.

यंदा एकच रोप मातीच्या ढेकळासह बशीत काढून, फोल्डस्कोपखाली (कागदी घडीच्या सूक्ष्मदर्शकाखाली) सर्वांना दाखवून पुन्हा जागेवर लावावे, असा विचार आहे. असे रोप पुन्हा तग धरते का, हे कोणी करून पाहिले आहे का? की आदल्या वर्षी काढलेली छायाचित्रेच सड्यावर न्यावीत? शिवाय एका डबक्याभोवती एका वेळी किती मुले बसवावीत, हेही अनुभवी शिक्षकांनी सांगावे. आमच्या मते आठ. शाळेच्या मते तेवढ्याने दिवस पुरणार नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शाळेला तारखा कळवायच्या आहेत, त्याआधी उत्तर मिळाल्यास गटांची आखणी बदलता येईल.